लिस्बनची वाट मराठीत का नाही?

आमच्या शेजारच्या मावशी रोज सकाळी मराठी पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. निधनवार्ता, टेंडरच्या नोटिसा, राशिभविष्य, काही सुटत नाही. चातुर्मासात ज्ञानेश्वरी असते. मुक्तीनंतर गावोगावी मराठी शाळा निघाल्या, त्यांतल्या एकीत त्या सातवीपर्यंत शिकल्या. बोलणं कोकणीतून, वाचणं-लिहिणं मराठीतून, हे आमच्या अंत्रुजातल्या कितीतरी घरांचं चित्र आहे आणि त्यात कुणाला लाज वाटण्यासारखं काही नाही. तर या मावशींना २०२३ साली एका व्हिसा एजंटाने माझ्यादेखत 'अडाणी' म्हटलं. का, तर त्यांना स्वतःचा अर्ज वाचता आला नाही.

मी त्या दिवशी गप्प बसलो. सरकारी कारकून आहे, गप्प बसण्याचा मला चांगला अनुभव आहे. पण तो शब्द काही डोक्यातून गेला नाही. आणि विचार करता करता असं लक्षात आलं की त्या शब्दाचा खरा धनी तो एजंट नव्हेच. धनी आपण आहोत. आपण म्हणजे गोव्यात मराठी, मराठी करणारे सगळे. मी धरून.

आधी हकीकत सांगतो.

मावशींची लेक लिस्बनला असते. जावई तिथे एका हॉटेलात आचारी आहे. दोघंही रीतसर परवान्यावर राहतात. लेक पहिलटकरीण, सप्टेंबरातली तारीख. आईने यावं असं तिला वाटलं, यात नवल ते काय? मावशींनी पासपोर्ट काढला आणि ओळखीतल्या कुणाच्या सांगण्यावरून शहरातल्या एका एजंटाला गाठलं. तो म्हणाला, "मावशी, तुम्ही काही काळजी करू नका. मी खुणा केल्यात तिथे फक्त सह्या करा." मावशींनी सह्या केल्या. किती, ते त्यांनी मोजलं होतं. अकरा.

त्या अकरा सह्यांच्या वर काय लिहिलं होतं ते आम्हाला नंतर कळलं. प्रवासाचा उद्देश, पर्यटन. मुक्काम, लिस्बनमध्ये हॉटेल आणि मध्ये तीन रात्री पॅरिस. हॉटेलांची आरक्षणं अशी, की व्हिसा मिळाला की रद्द करायची. लेकीचा उल्लेखच नाही! एजंटाचं शास्त्र असं की नातेवाईक दाखवले की संशय येतो, बाई परत यायची नाही असं वाटतं. म्हणून सहासष्ट वर्षांच्या विधवा बाईला त्याने परस्पर पॅरिस बघायला पाठवलं.

मग फोन आला. पलीकडून विचारलं, पॅरिसमध्ये काय बघणार? मावशी आयुष्यात जे बोलत आल्या तेच बोलल्या. "हांव धुवेगेर वतां." आणि पुढे मोडक्या हिंदीत, बेटीचं बाळंतपण आहे म्हणून. आठवड्याभरात नकारपत्र आलं. छापील फॉर्म, कारणांची यादी आणि खूण केलेली. मुक्कामाच्या उद्देशाबद्दल दिलेली माहिती विश्वासार्ह नाही.

नकार देणाऱ्याला मी दोष देत नाही. कागद खोटेच होते. त्या सगळ्या फाईलीत खरं बोललेलं माणूस एकच होतं, आणि शिक्षा झाली ती त्याला. सप्टेंबरात नात झाली. मावशींनी तिला मोबाईलच्या काचेतून पाहिली. आम्ही फाईल परत मागायला गेलो तेव्हा एजंट माझ्याकडे बघून म्हणाला, "अडाणी माणसांच्या फाईली घेऊच नयेत. फोनवर काय बोलायचं तेसुद्धा कळत नाही."

आता पुढचा प्रसंग. मावशींचा पुतण्या हुशार आहे. त्याने मोबाईलवर अधिकृत माहिती उघडली आणि यंत्राकडून तिचं मराठी करून घेतलं. मग मोठ्याने वाचायला लागला, "तुमच्या यजमानांचे नाव, पत्ता आणि त्यांचे वास्तव्य कायदेशीर असल्याचा पुरावा." मावशी म्हणाल्या, "ते जाऊन बारा वर्षं झाली. मृत्यूचा दाखला आहे, आणू?"

'होस्ट'चं मराठी 'यजमान'. कोशात बघाल तर चूक नाही. पण आमच्याकडे यजमान म्हणजे नवरा, नाहीतर भटजींचा यजमान. ज्याच्या घरी आपण उतरणार तो, एवढं साधं लिहायला काय हरकत होती? यंत्राला आमच्या मावशी माहीत नाहीत, त्यामुळे यंत्रावर मी रागावत नाही. पण आम्हाला तर माहीत आहेत ना? मग आम्ही का लिहिलं नाही?

हाच माझा मुद्दा. मावशी अडाणी नाहीत. मराठी वाचणारं माणूस अडाणी असूच शकत नाही. अडाणी ठेवली आहे ती आपण आपल्या मराठीला. तिच्यात कविता आहे, कीर्तन आहे, नाटक आहे, अग्रलेख आहेत. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणीला राजभाषा म्हटलं, मराठीला सरकारी कामात वापरायची मुभा दिली, त्यावरची भांडणं आजही आहेत. पण लेकीच्या बाळंतपणाला लिस्बनला निघालेल्या बाईने कुठला कागद कुठल्या पिशवीत ठेवावा, हे सांगणारं एक पान मला मराठीत मिळालं नाही. शोधलं. प्रवासवर्णनं मिळाली, ढीगभर.

प्रवासवर्णनांबद्दल वाकडं बोलायचं नाही. 'अपूर्वाई' वाचून आमच्या दोन पिढ्या घरबसल्या विलायतेला जाऊन आल्या. पंडिता रमाबाईंनी तर एकोणिसाव्या शतकातच अमेरिकेवर पुस्तक लिहिताना तिथली राज्यव्यवस्था, शिक्षण, बायकांची स्थिती हे सगळं मराठी वाचकापुढे मांडलं. त्यांना वाचकाला नुसतं थक्क करायचं नव्हतं, शहाणं करायचं होतं. आज रविवारच्या पुरवणीत काय असतं? आयफेल टॉवर बघून डोळे भरून आले. बर्फ पाहून शब्द सुचेनात. खाली चौकट, प्रवाशांसाठी सूचना: लोणचं न्यावं, गरम कपडे न्यावेत, पासपोर्ट सांभाळावा. पासपोर्ट सांभाळावा हे सांगायला लेखक कशाला हवा?

ही सवय आपल्याला लागली कशी, याचाही विचार केला. पोर्तुगीज अमदानीत कोर्टकचेरीचा कागद पोर्तुगीजमध्ये. गावकऱ्याला तो वाचता येत नसे, म्हणून वाचून दाखवणारा, लिहून देणारा, साहेबाकडे नेणारा एक माणूस मध्ये उभा राहिला. बेळगावला निघालेल्या माणसाची कुळ्याला एक तपासणी आणि केसल रॉकला दुसरी, दोन्हीकडे कागद परक्या भाषेत. १९६१ साली राज्य बदललं, कागद इंग्रजीत आला, मधला माणूस होता तिथेच राहिला. त्याचं दुकान आपल्या न कळण्यावर चालतं, तो आपल्याला कळू देईल कशाला?

आणि त्याच काळात सामान्य माणसाची भाषा मात्र भीत नव्हती. बटाटा, पाव, कोबी, चावी हे शब्द पोर्तुगीजांकडून आले आणि घरात राहिले. 'पगार' हा शब्दसुद्धा त्यांचाच. महिन्याच्या शेवटी त्याची वाट बघताना कुठल्या कारकुनाला तो परका वाटतो? हेगडे देसाईंचं 'भारत' १९१२ साली निघालं ते मराठी आणि पोर्तुगीज अशा दोन भाषांत. म्हणजे राज्यकर्त्यांचा कागद आणि आपलं घर यांच्यामध्ये मराठी उभी राहू शकते, हे आपल्याच माणसांनी शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलं होतं. मग आता व्हिसाचा अर्ज बघून तिचे पाय का लटपटतात?

कुणी म्हणेल, गोंयकाराला व्हिसा कशाला, १९६१ च्या आधीचा जन्म असेल तर लिस्बनला नोंद करा आणि पोर्तुगीज पासपोर्ट काढा. मावशींचा जन्म १९५७ चा, त्यांनाही हा सल्ला मिळाला. ज्यांना तो रस्ता धरायचा त्यांनी जरूर धरावा, पोटासाठी गेलेल्यांना मी नावं ठेवणार नाही. पण आपला देश दुहेरी नागरिकत्व मानत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ सांगतं की स्वखुशीने परदेशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं. हे न समजता नोंद करून नंतर मतदारयादी आणि पासपोर्टच्या घोळात अडकलेली माणसं आपल्या आसपास आहेत. मावशी म्हणाल्या, "मला मत आहे, रेशनकार्ड आहे, देवळात माझी जागा आहे. मला देश बदलायचा नाही. नात बघून यायची आहे." त्यांच्यासाठी पाहुण्याचे नियम, तेच महत्त्वाचे.

म्हणून २०२४ च्या मार्चमध्ये मी बसलो आणि मावशींसाठी ते नियम चार पानांवर लिहून काढले. मूळ नियम इंग्रजीत आहेत, पण कठीण नाहीत. माझ्यासारख्या बीए झालेल्या माणसाला कळले, याहून मोठा पुरावा नको. त्यातलं थोडं इथे देतो, म्हणजे मी नुसतं बोंबलतो असं कुणी म्हणायला नको.

पोर्तुगाल शेंगेन गटात आहे. या गटात आज २९ देश आहेत आणि पाहुण्याचा व्हिसा सगळ्यांना मिळून एक. ब्रिटन आणि आयर्लंड यात नाहीत. आपली कितीतरी माणसं स्विंडनला आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो. लिस्बनच्या व्हिसावर स्विंडनच्या भाच्याकडे जाता येत नाही. अर्ज ज्या देशात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा. निघण्याच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या क्षणी म्हणजे पंधरा दिवस आधी. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, पण पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. गर्दीच्या मोसमात अर्ज देण्यासाठी तारीख मिळायलाच वेळ जातो, तेव्हा बाळंतपणाला जायचं तर पाचव्या महिन्यात कामाला लागा.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला हवा, परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. नावाची गंमत आपल्याकडे वेगळीच. जुन्या जन्मनोंदी पोर्तुगीजमध्ये, त्यात नाईकाच्या शेवटी क्यू-यू-ई. लग्नानंतर नाव बदललेलं, बँकेत तिसरंच. पासपोर्टवर आहे तेच अक्षर न् अक्षर तिकिटावर, विम्यावर आणि अर्जात येऊ द्या. बँकेतलं नाव वेगळं असेल तर आधी ते सरळ करून घ्या.

विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, पूर्ण मुक्कामाचा. दवाखाना, आणि वेळ आली तर माणसाला परत आणण्याचा खर्च त्यात हवा. तिकिटाचं आरक्षण दाखवावं लागतं, पण व्हिसाच्या आधी पूर्ण पैसे भरून तिकीट घेण्याची सक्ती नियमात नाही. अर्ज घेणाऱ्या केंद्राची खास बैठक, मोबाईलवरचे संदेश, घरपोच पासपोर्ट, हे सगळं ऐच्छिक. नको म्हटलं तर अर्ज नाकारत नाहीत. आणि पासपोर्टवर दहावी न झालेल्यांसाठीचा 'ईसीआर' शेरा असला तर घाबरू नका. तो ठरावीक देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे. लेकीकडे पाहुणी म्हणून जाणाऱ्या बाईला तो काढून घेण्यासाठी कुणाला पैसे द्यायची गरज नाही.

पैशांचा पुरावा. पोर्तुगालच्या नियमात प्रवेशाला ७५ युरो आणि दर दिवसाला ४० युरो धरतात. तीस दिवसांचे झाले १,२७५ युरो. पण, आणि एजंटाने नेमकं हेच सांगितलं नव्हतं, तिथे कायदेशीर राहणारी लेक एक हमीपत्र देऊ शकते. आईची राहण्याजेवणाची जबाबदारी माझी, अशा अर्थाचं. त्याला पोर्तुगीजमध्ये 'तेर्मो दी रेस्पोन्साबिलिदाद' म्हणतात. म्हणजे लेक लपवायची नव्हतीच! तीच सगळ्यात मोठा कागद होती.

व्हिसा हातात आला की त्यावर दोन वेगळी गणितं छापलेली असतात. एक, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत तो चालतो. दुसरं, त्या काळात किती दिवस राहायचं. तारखा पंचेचाळीस दिवसांच्या आणि मुक्काम तीसच, असं असू शकतं. पोचल्याचा दिवस आणि निघाल्याचा दिवस दोन्ही मोजतात. कितीही झालं तरी कुठल्याही १८० दिवसांत ९० च्या वर नाही. लेकीने "आई, आणखी आठ दिवस राहा" म्हटलं की आईचं मन विरघळतं, पण तिथे विरघळू देऊ नका. जादा राहिल्याची नोंद राहते आणि पुढच्या वेळी तीच आडवी येते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तर पासपोर्टवरच्या शिक्क्याच्या जागी चेहऱ्याच्या फोटोसह संगणकी नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. शिक्का पुसट होता, अशी सबब तिच्यापुढे चालायची नाही.

व्हिसा म्हणजे प्रवेशाची खात्री नव्हे, हेही लिहून ठेवा. सीमेवरचा अधिकारी पुन्हा विचारू शकतो, कशाला आलात, कुठे राहणार, परतीचं तिकीट कुठे आहे. ही तपासणी पहिल्या शेंगेन विमानतळावर होते. आखातातून थेट लिस्बनला उतरलात तर लिस्बनला, फ्रँकफुर्टमार्गे गेलात तर फ्रँकफुर्टला. म्हणून हमीपत्र, विमा, लेकीचा पत्ता आणि फोन नंबर हातातल्या पिशवीत ठेवायचे, बॅगेत नव्हे. बॅग तेव्हा विमानाच्या पोटात असते. आणि एक बारीक नियम. दुसऱ्या शेंगेन देशातून पोर्तुगालला आलात तर तिथल्या २००७ च्या कायद्याप्रमाणे तीन कामकाजाच्या दिवसांत आगमनाची नोंद करावी लागते. हॉटेलात उतरलात तर हॉटेल ती करतं. लेकीच्या घरी उतरलात तर तुम्हाला करायची आहे.

खाण्याचं सांगितल्याशिवाय आमच्याकडे प्रवास पुरा होत नाही. युरोपात मांसाचे आणि दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. म्हणजे चोरिसां नाहीत, आणि बाळंतिणीसाठी घरी कढवलेलं साजूक तूपही नाही. ताज्या फळांना, पानांना, रोपांना वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. त्यातून पाच फळं वगळली आहेत: अननस, नारळ, केळी, खजूर आणि डुरियन. तेव्हा नारळ चालतो, मानकुराद चालत नाही. सुकी मासळी मात्र इतर मासळीसह वीस किलोपर्यंत चालते, फक्त शेजारच्या प्रवाशांची दया यावी म्हणून तीनदा बांधा. अंगावर जास्त दागिने घालून निघणार असाल तर जाताना आपल्या कस्टमकडून दाखला घ्या, नाहीतर परतताना स्वतःच्याच पाटल्या स्वतःच्या आहेत हे पटवत बसावं लागतं. तिथल्या खानावळीत न मागता मेजावर पाव आणि ऑलिव्ह आणून ठेवतात. ते फुकट नसतात, नको असतील तर हात लावायचा नाही. आणि लिस्बनचे फूटपाथ गुळगुळीत दगडांचे, चढ-उताराचे. गुडघे दुखणाऱ्यांनी चपला घरी ठेवून पक्क्या तळव्याचे बूट न्यावेत. अडचणीत फोन ११२.

बघा, हे सगळं मराठीत लिहून झालं. मराठी कुठे अडली? व्हिसा, पासपोर्ट, विमानतळ हे शब्द जसे आले तसे घेतले, बटाटा घेतला होता तसे. 'पारपत्र', 'प्रवेशानुज्ञा' असले शब्द घडवत बसलो असतो तर मावशी पहिल्याच ओळीला थांबल्या असत्या. आपल्यातल्या काहींना वाटतं की मराठी वाचवायची म्हणजे तिला असल्या शब्दांची भरजरी शालू नेसवायची. शालू नेसून विहिरीवर पाणी भरता येत नाही हो. रोजच्या नेसूचं लुगडं लागतं.

आता आक्षेप. पहिला: नियम बदलतात, छापलेलं शिळं होतं. बरोबर. म्हणून पानावर तारीख घालायची आणि निघण्याआधी एकदा ताडून बघा असं सांगायचं. पंचांगही दरवर्षी नवीन निघतंच की. दुसरा: मुलं करतात सगळं, म्हाताऱ्यांना कळायची काय गरज? गरज अशी, की सही म्हाताऱ्यांची असते आणि फोन म्हाताऱ्यांना येतो. अर्जातल्या खोट्याची जबाबदारी कायद्याने सही करणाऱ्याची. तिसरा, नेहमीचा: इंग्रजी शिका ना! शिकू. पण सहासष्टाव्या वर्षी, सातव्या महिन्यातली लेक तिकडे वाट बघत असताना, आधी इंग्रजी शिकून या म्हणणारा माणूस मराठीचाही नव्हे आणि इंग्रजीचाही नव्हे. चौथा: टूर कंपनीतून जा, सगळं तेच बघतात. टूर कंपनी पॅरिस दाखवेल. बाळंतपणाची टूर अजून कुणी काढलेली नाही.

सगळ्या एजंटांना मी चोर म्हणत नाही. सरळ काम करणारेही आहेत आणि त्यांना आपल्या पानांचं भय वाटायचं कारण नाही. भय वाटेल ते पॅरिसवाल्यांना.

इथवर लिहून मी दुसऱ्यांच्याच नावाने खडे फोडतोय असं वाटेल. तर माझीही गोष्ट सांगतो. मी खिडकीवर बसतो. गावातून आलेलं माणूस मराठीत लिहिलेला अर्ज पुढे करतं. गेली कित्येक वर्षं मी त्याला काय सांगत आलो? "बाहेर टायपिस्ट आहे, इंग्रजीत करून आणा." का? कायद्याने अडवलेलं नाही. वरचा साहेब इंग्रजीत शेरा मारतो, मला पुढचं टिपण इंग्रजीत करायला सोपं जातं, एवढंच. संध्याकाळी मात्र मी मराठीवरच्या व्याख्यानाला जाऊन पहिल्या रांगेत बसतो आणि टाळ्या वाजवतो. त्या एजंटात आणि माझ्यात फरक तो काय? त्याने सहीचे पैसे घेतले, मी घेतले नाहीत. बाहेरच्या टायपिस्टाने घेतले, इतकंच. त्या एप्रिलपासून मी मराठी अर्ज परत पाठवणं बंद केलं. एकदा बोलणी खाल्ली. आभाळ कोसळलं नाही.

आपली साहित्य संमेलनं होतात, व्हावीत. शेवटच्या दिवशी ठराव होतात, तेही होवोत. माझी मागणी लहान आहे. ज्या मंडपात पुस्तकांची दुकानं लागतात तिथे एक टेबल या असल्या पानांचं असू द्या. पाहुण्याचा व्हिसा, जन्माच्या दाखल्यातली दुरुस्ती, नाव बदलणं, दवाखान्याचा विमा. गावागावात वाचनालयं आहेत, त्यांच्या फळ्यावर सुविचार रोज बदलतो. आठवड्यातून एकदा एक नियम लिहा. इंग्रजी येणारे निवृत्त शिक्षक, बँकवाले, आमच्यासारखे कारकून गावोगाव बसून आहेत. महिन्याला एक पान मराठीत आणा म्हटलं तर दोन वर्षांत पुस्तक होईल, आणि त्या पुस्तकाला पुरस्कार मिळाला नाही तरी ते फाटेपर्यंत वापरलं जाईल.

मावशींची चार पानं त्यांनी स्वतः वाचली, पेन्सिलीने खुणा करून. मग दुसरा अर्ज स्वतःच्या अक्षरात आधी मराठीत लिहिला, मी त्यावरून इंग्रजीत उतरवला आणि प्रत्येक ओळ त्यांना परत सांगून मगच सही घेतली. पहिल्या नकाराचा उल्लेख केला, कारण तो खरा होता. उद्देश, लेकीची भेट. मुक्काम, लेकीचं घर. २०२४ च्या ऑक्टोबरात त्या लिस्बनला पोचल्या. नात तेव्हा वर्षाची होऊन गेली होती, धरून धरून चालत होती. जे वर्ष गेलं ते गेलंच, ते कुठल्या अर्जाने परत येत नाही.

त्या चार पानांची मी एक झेरॉक्स गावच्या वाचनालयात लावली होती. जुलैमध्ये सांग्याकडचा एक अनोळखी माणूस खिडकीवर आला, त्याच्या हातात तीच पानं, झेरॉक्सची झेरॉक्स, अक्षरं पुसट झालेली. त्याला विचारायचं होतं की हे लिहिणारे तुम्हीच का. पहिल्या पानावर मी व्हिसाची फी ८० युरो लिहिली होती. कुणीतरी त्यावर निळ्या पेनाने काट मारून बाजूला लिहिलं होतं: '११ जूनपासून ९०'. मला माहीत नव्हतं. मावशींचा अर्ज भरताना मी ९० धरले ते त्या निळ्या पेनामुळे.

तो पेन कुणाचा, मला अजून कळलेलं नाही. पण मराठीचा खरा कार्यकर्ता मला विचाराल तर मी त्याचंच नाव घेईन. वर मी जे लिहिलं त्यातही उद्या काही बदलेल. तुम्हाला आधी कळलं तर काट मारा, बाजूला लिहा, तारीख घाला आणि पान पुढे द्या.